जर्नल तपासून हात कळत नाही

पत्र : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवते. विषयाचे १०० गुण असे वाटलेले आहेत : लेखी ६०, प्रात्यक्षिक २५ आणि ‘वृत्ती व सहभाग’ १५. ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती या तिन्ही क्षेत्रांचं मूल्यमापन व्हावं, हा त्यामागचा हेतू. लेखीचं मला जमतं. प्रात्यक्षिकात जर्नलला १०, उत्तराला १० आणि तोंडीला ५ असे गुण देते. जवळजवळ सगळे २२ ते २४ मध्ये बसतात. वृत्तीचे गुण हजेरी आणि वर्गातलं बोलणं बघून देते. या वेळी दोन विद्यार्थ्यांनी येऊन विचारलं, “आम्हाला वृत्तीत ९ का?” माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. गुणांची विभागणी बदलणं माझ्या हातात नाही, तिच्या आत काय मोजायचं ते माझ्यावर आहे. तुकडी ३० जणांची, सत्रात १२ प्रात्यक्षिकं, मदतीला एक प्रयोगशाळा सहायक. नवीन सत्र महिन्याभरात सुरू होतंय. कुठून सुरुवात करू?

उत्तर : सप्रेम नमस्कार. सुरुवात त्या २५ गुणांपासून करा, कारण वृत्तीच्या १५ गुणांचा गुंता तिथलाच आहे.

जर्नलमधून काय कळतं ते आधी बघू. जर्नल घरी लिहिलं जातं, प्रयोग होऊन आठवडा उलटल्यावर, बऱ्याचदा शेजारच्याचं समोर ठेवून. त्यातून नीटनेटकेपणा आणि वक्तशीरपणा कळतो. उत्तराचे १० गुण घ्या. सगळ्या टेबलांवर एकच द्रावण असेल, तर पहिल्या अर्ध्या तासात बरोबर वाचन कुठलं ते खोलीभर पसरतं. तोंडी परीक्षेत विद्यार्थी बोलतो, म्हणजे तिथे पुन्हा ज्ञानच तपासलं जातं. थोडक्यात, २५ पैकी एकही गुण विद्यार्थ्याचे हात बघून दिलेला नाही. तुमच्याकडे कौशल्याचा रकाना आहे, पुरावा नाही. वृत्तीच्या रकान्याचंही तसंच.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कागदावर प्रात्यक्षिकाचं वजन २५ टक्के आहे. पण ज्या घटकात सगळे २२ ते २४ मध्ये येतात, तो घटक कोणालाच वर नेत नाही की खाली आणत नाही. लेखीचे गुण २० ते ५२ असे पसरलेले असतील, तर अंतिम क्रम लेखीच ठरवते. एखाद्या घटकाचं खरं वजन त्याच्या कमाल गुणांपेक्षा त्याच्या गुणांच्या पसरटपणावर अवलंबून असतं. तेव्हा आज तुमच्या विषयाचा निकाल हा जवळजवळ लेखी परीक्षेचाच निकाल आहे. याचा अर्थ मुद्दाम गुण कापा असा नाही. सगळ्यांना खरोखर उत्तम येत असेल तर सगळ्यांना २३ मिळू देत. फक्त ते बघून दिलेले असावेत.

तिन्ही क्षेत्रांसाठी एकच सूत्र पुरेसं आहे : प्रत्येक क्षेत्राचा पुरावा वेगळ्या जातीचा असतो, आणि एका क्षेत्राचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करायचा नाही. ज्ञानाचा पुरावा उत्तरात असतो, कौशल्याचा कृतीत, आणि वृत्तीचा पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या वागण्यात, तेही कोणी सांगितलं नसताना केलेल्या.

बी.एड.च्या पुस्तकांमुळे क्षेत्रांची नावं तुम्हाला माहीत असतीलच. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक (म्हणजे ज्ञानाच्या) क्षेत्राचं वर्गीकरण मांडलं, १९६४ मध्ये क्रॅथवोल यांच्यासह भावात्मक (वृत्तीच्या) क्षेत्राचं. क्रियात्मक (कौशल्याच्या) क्षेत्राचं वर्गीकरण त्या गटाने केलंच नाही. ते काम नंतर इतरांनी केलं. दवे यांच्या पाच पायऱ्या १९७० च्या, सिम्पसन आणि हॅरो यांच्या मांडण्या १९७२ च्या. महाविद्यालयांतही हेच क्षेत्र सगळ्यात मागे राहिलेलं दिसतं. पातळ्यांची नावं पाठ करण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी पुढच्या सत्राची प्रत्येक अध्ययन निष्पत्ती (सत्राअखेर विद्यार्थ्याला काय यायला हवं ते) वाचा आणि विचारा : हे मला कुठे दिसेल? उत्तरपत्रिकेत, टेबलावर, की महिनाभराच्या वागण्यात? ‘अनुमापनाची तत्त्वं समजून घेणे’ असं लिहिलेलं असेल तर ते कुठेच दिसणार नाही. ‘अनुमापन करून (म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात मोजून घालत तीव्रता काढून) दोन जुळणारी वाचनं मिळवणे’ हे टेबलावर दिसतं.

लेखीचं तुम्हाला जमतं म्हणता, म्हणून तिथे फार थांबत नाही. तरी संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, करता का, ते बघा. उभ्या रकान्यांत स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण. आडव्या ओळींत घटक. प्रत्येक चौकटीत गुण. ६० गुणांत स्मरणाला १५, आकलनाला १५, उपयोजनाला २० आणि विश्लेषणाला १० ही दुसऱ्या वर्षाला बरी विभागणी आहे. मात्र प्रश्नातल्या क्रियापदावर विसंबून चौकट भरू नका. ‘विश्लेषण करा’ असं लिहिलं, आणि ते विश्लेषण तुम्ही वर्गात उतरवून दिलेलं असलं, तर तो प्रश्न स्मरणाचाच. पातळी ठरते ती विद्यार्थ्यासमोर परिस्थिती नवीन आहे की नाही यावर. उदाहरणार्थ ब्युरेटवरचा, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या तोटीच्या नळीवरचा, हा प्रश्न बघा :

*एकदाच भरलेल्या ब्युरेटने केलेल्या तीन अनुमापनांची वाचनं अनुक्रमे ११.१, १०.४ आणि १०.४ मिली आली. तिन्ही वेळी अंतिम रंग सारखाच फिकट होता. ब्युरेट आतून पाण्याने ओली राहिली होती, की तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा होता? कारणासह सांगा.*

ओल्या ब्युरेटने द्रावण पातळ झालं असतं, तर तिन्ही वाचनं वाढली असती. बुडबुडा एकदाच निघून जातो. त्याची जागा द्रावण घेतं आणि तेवढं आकारमान फक्त त्याच वाचनात मोजलं जातं. पाठांतरावर या प्रश्नाचं उत्तर येत नाही, आणि तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

बहुपर्यायी प्रश्न देत असाल तर चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकांमधून घ्या : एकक बदलायला विसरणं, गुणोत्तर उलटं लावणं. परीक्षा झाल्यावर प्रश्नांचं विश्लेषण करा. एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्यायचे. ३० जणांत ते आठ-आठ होतात. वरच्या आठांपैकी सहा आणि खालच्या आठांपैकी दोन बरोबर असतील, तर भेदक मूल्य (प्रश्न हुशार आणि कच्च्या विद्यार्थ्यांत किती फरक करतो ते) (६ − २) ÷ ८ = ०.५, म्हणजे प्रश्न चांगला. ०.२ च्या खाली गेला तर शब्दरचना पुन्हा बघा. ऋण आला तर सगळ्यात आधी उत्तरसूची तपासा, बहुतेकदा चूक तिथेच सापडते. इतक्या छोट्या तुकडीत एका मुलाने आकडा बराच हलतो, तेव्हा याला इशारा समजा, निवाडा समजू नका.

तपासताना सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. नाव झाकलेलं, आणि दर प्रश्नाला गठ्ठा उलटसुलट केलेला. एका विद्यार्थ्याची पूर्ण उत्तरपत्रिका एका दमात तपासली, तर पहिल्या छान उत्तराचं तेज पुढच्या साधारण उत्तरावर पडतं. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये या परिणामाला नाव दिलं, मराठीत आपण त्याला वलय परिणाम म्हणतो. तो प्रात्यक्षिकात आणखी घातक ठरतो : लेखीत पहिला येणारा मुलगा पिपेट कशीही धरो, आपल्याला ती नीटच धरल्यासारखी दिसते.

आता कौशल्य. मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी एक चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला : माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, रोजच्या कामात करतो. तुमचं जर्नल आणि तोंडी परीक्षा दुसऱ्या पायरीवर थांबतात. तिसऱ्या पायरीवर जायला निरीक्षणाला पर्याय नाही, आणि निरीक्षणाला तपास सूची लागते. अनुमापनाची एक सूची देतो. आठ बाबी, प्रत्येकीला अर्धा गुण, एकूण ४ :

१. ब्युरेट शेवटी भरायच्याच द्रावणाने दोनदा विसळली.
२. तोटी उघडून टोकातला बुडबुडा घालवला.
३. वाचन घेण्याआधी फनेल काढून ठेवलं.
४. डोळा पातळीच्या रेषेत आणून खालचा वक्र वाचला, आणि वाचन ०.०५ मिलीपर्यंत नोंदवलं.
५. पिपेट रिकामी करताना टोक चंबूच्या कडेला टेकवलं, शेवटचा थेंब फुंकून काढला नाही.
६. चंबू फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने विसळला.
७. अंतिम बिंदूजवळ थेंबाथेंबाने द्रावण सोडलं, चंबू सतत फिरवला, कडेचे थेंब पाण्याने खाली घेतले.
८. ०.१ मिलीच्या आत जुळणारी दोन वाचनं मिळेपर्यंत प्रयोग पुन्हा केला.

प्रत्येक बाब एका ठरावीक चुकीसमोर उभी आहे. फनेल तसंच राहिलं तर मधेच त्यातला थेंब पडतो आणि वाचन कमी येतं. चंबू तपासायच्या द्रावणाने विसळला तर मोजून घातलेल्यापेक्षा जास्त पदार्थ आत जातो आणि वाचन वाढतं. पिपेटवरची खूण टोकात उरणारा थेंब गृहीत धरूनच केलेली असते, म्हणून फुंकलं की आकारमान जास्त होतं. ही कारणं सूचीत लिहायची नाहीत. ती तुमच्या तोंडी परीक्षेसाठी ठेवा. विद्यार्थी फनेल बाजूला ठेवतो तेव्हाच विचारा, “आत्ता ते का काढलंस?” सगळ्यांना असेच तीन प्रश्न, त्याच टेबलावर. तोंडीचे गुण मात्र ज्ञानाच्या बाजूला धरा.

तोंडाने पिपेट ओढणं सूचीत नाही, ते जाणूनबुजून. पिपेट फिलर न वापरणं ही अर्ध्या गुणाची चूक होऊ शकत नाही. तिथे काम थांबवायचं, निरीक्षण रद्द करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचं. प्रत्येक कौशल्यात अशी एखादी बाब असते जिची भरपाई बाकीच्या बाबींनी होत नाही. ती आधीच ठरवून विद्यार्थ्यांना सांगा.

सूचीतले शब्द दिसणाऱ्या कृतीचे हवेत. ‘ब्युरेट योग्य रीतीने हाताळली’ अशी ओळ लिहिलीत तर तुम्ही आणि सहायक दोन वेगळे निकाल द्याल. सत्राच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी मिळून पाच विद्यार्थ्यांचं एकाच वेळी, एकमेकांशी न बोलता निरीक्षण करा आणि मग पत्रकं शेजारी ठेवा. पाचांपैकी दोघांच्या बाबतीत जिथे मतभेद दिसेल, ती ओळ पुन्हा लिहा. दोष बहुतेकदा ओळीचा असतो, बघणाऱ्याचा नसतो. जी बाब सगळेच बरोबर करतात तिच्यावर मतैक्य आपोआप होतं, म्हणून तिथल्या जुळण्यावर समाधान मानू नका.

तपास सूचीची एक मर्यादाही लक्षात असू द्या. नवखा विद्यार्थी आठही पायऱ्या एकेक करून, अडखळत पार पाडतो आणि पूर्ण गुण घेऊन जातो. सराईत हात दोन पायऱ्या एकत्र करतो आणि गुण गमावतो. दवे यांच्या पायऱ्यांच्या भाषेत पहिला अजून अनुकरण आणि हाताळणीवर आहे, दुसरा अचूकता ओलांडून सुसूत्रतेकडे निघालाय. दुसऱ्या वर्षाला अचूकतेपर्यंत पोचणं पुरे आहे, म्हणून तुमच्यासाठी सूचीच ठीक. शेवटच्या वर्षाला शिकवाल तेव्हा सूचीबरोबर एक पदनिश्चयन श्रेणी, म्हणजे पातळ्यांची पट्टी, जोडा : ‘मदतीशिवाय काम सोपवता येईल का?’, चार पातळ्यांवर.

वेळेचा प्रश्न खरा आहे, म्हणून हिशेब मांडू. ३० विद्यार्थी, प्रत्येकाची चार निरीक्षणं, म्हणजे १२०. प्रात्यक्षिकं १२, म्हणजे दर वेळी १० जण. एकाला आठ मिनिटं धरली तर ८० मिनिटं. तीन तासांच्या प्रात्यक्षिकात हे बसतं आणि शिकवायलाही वेळ उरतो. कोणते दहा, ते आधी जाहीर करू नका, नाहीतर उरलेले वीस त्या दिवशी जर्नल पूर्ण करत बसतात. पहिलं निरीक्षण फक्त अभिप्रायासाठी : पत्रक भरा, विद्यार्थ्याच्या हातात द्या, गुण मोजू नका. पुढची तीन प्रत्येकी ४ गुणांची, असे १२. वेगवेगळ्या प्रयोगांसाठी वेगवेगळ्या सूच्या लागतील; सत्राला तीन-चार पुरतात, कारण गाळणं, वजन करणं, प्रमाण द्रावण तयार करणं ही कौशल्यं पुन्हा पुन्हा येतात.

चार वेळा का, एकदाच नीट परीक्षा का नाही? कारण एका कामातलं कौशल्य दुसऱ्या कामातलं कौशल्य सांगत नाही. उत्तम अनुमापन करणारा विद्यार्थी गाळणकागद नीट बसवेलच असं नाही. चिठ्ठी उचलून एक प्रयोग करायला लावला की ज्याला सोपी चिठ्ठी आली त्याचं भलं होतं. शेवटी परीक्षा घेणं बंधनकारकच असेल तर ती स्थानकांची करा. हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय परीक्षेसाठी हीच रचना सुचवली. सहा स्थानकं, प्रत्येकी ६ मिनिटं आणि बदलायला १ मिनिट, म्हणजे सहा जणांचा एक गट ४२ मिनिटांत. पाच गट साडेतीन तासांत होतात. सहाही ठिकाणी परीक्षक लागत नाही. दोन स्थानकांवर कृती बघायची, तिथे तुम्ही आणि सहायक. बाकी चार बिनपरीक्षकाची : वेगवेगळ्या पातळीला भरून ठेवलेल्या तीन ब्युरेट वाचणं, चुकीच्या जोडणीतले दोष ओळखणं, दिलेल्या वाचनांवरून गणित, बाटल्यांवरच्या धोकाचिन्हांचा अर्थ. शेवटची दोन खरं म्हणजे ज्ञानाची आहेत, तेव्हा त्यांचे गुण कौशल्यात धरू नका.

उत्तराच्या गुणांसाठी प्रत्येकाला वेगळा अज्ञात नमुना द्या. पाच-सहा संहतींची (तीव्रतेची) द्रावणं करून सांकेतिक क्रमांकाच्या बाटल्यांत भरलीत की पुरतं, फक्त शेजारी-शेजारी एकच नमुना जायला नको. खऱ्या किमतीच्या १ टक्क्याच्या आत आल्यास ६ गुण, २ टक्क्यांच्या आत ४, ५ टक्क्यांच्या आत २. याहून कडक पट्टी लावू नका. १० मिलीच्या वाचनात सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाचनाची मिळून ०.१ मिली अनिश्चितता धरली तर तीच १ टक्का होते, आणि त्याखाली तुम्ही कौशल्य सोडून नशीब मोजू लागता. गणितातली चूक इथे दुसऱ्यांदा कापू नका : विद्यार्थ्याच्या वाचनांवरून तुम्ही स्वतः संहती काढा आणि त्या संहतीला गुण द्या. गणित लेखीत तपासलं जातंच.

जर्नल बंद करायची गरज नाही. त्याला ४ गुण ठेवा, तेही जागेवर केलेल्या कच्च्या नोंदींना. वाचन शाईने, घेतल्याबरोबर. चुकलं तर एकाच रेघेने खोडलेलं, म्हणजे खालचा आकडा वाचता येईल असं. तारीख आणि तुमची सही प्रयोगशाळेतून बाहेर पडण्यापूर्वी. तेव्हा २५ चा हिशेब असा झाला : निरीक्षण १२, अज्ञात नमुना ६, जागेवरच्या नोंदी ४, तोंडी ३.

आता त्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे येऊ. “वृत्तीत ९ का?” हा प्रश्न अगदी रास्त होता.

क्रॅथवोल यांच्या मांडणीत भावात्मक क्षेत्राच्या पाच पायऱ्या आहेत : ग्रहण, प्रतिसाद, मूल्य मानणं, मूल्यांची संघटना, आणि ते मूल्य स्वभावात उतरणं. एका सत्रात बाहेरून दिसू शकतात त्या पहिल्या तीन. चौथ्या-पाचव्यावर गुण देणं म्हणजे विद्यार्थ्याच्या स्वभावाला गुण देणं, आणि तो अधिकार आपला नाही. तेव्हा ‘प्रामाणिक’, ‘उत्साही’, ‘विनयशील’ असे शब्द पत्रकातून काढून टाका. त्यांच्या जागी कामातलं वागणं लिहा. पाच बाबी पुरेत : चष्मा आणि अ‍ॅप्रन घालणं, वापरलेली रसायनं ठरलेल्या भांड्यातच टाकणं, न जुळणारं वाचन न लपवता नोंदवणं, सामायिक उपकरण वापरून झाल्यावर स्वच्छ करून जागेवर ठेवणं, सांडलं, फुटलं तर लगेच सांगणं.

प्रत्येक बाबीला ०, १ किंवा २. सांगूनही केलं नाही तर ०. सांगितल्यावर केलं तर १. न सांगता केलं तर २. या तीन आकड्यांत भावात्मक क्षेत्राच्या खालच्या पायऱ्या आल्या, आणि देणाऱ्याला कोणाच्या मनात डोकवावं लागत नाही. एखादा प्रसंगच आला नाही, जसं काही सांडलंच नाही, तर चौकट रिकामी सोडा आणि उरलेल्या बाबींच्या प्रमाणात हिशेब करा. सांडलं नाही म्हणून २ देऊ नका. निरीक्षणाची वेळ कौशल्याच्या निरीक्षणाचीच, पत्रकाची मागची बाजू यासाठी. पहिली वेळ पुन्हा अभिप्रायाची. पुढच्या तीन वेळांचे ५ × २ × ३ = ३० होतात, त्याला ३ ने भागलं की १० पैकी गुण. पत्रक तिथल्या तिथे भरा. घरी जाऊन आठवून भरलेल्या पत्रकात ज्यांची नावं चटकन आठवतात त्यांचे गुण चांगले असतात.

उरलेले ५ गटकामातल्या वाट्याला द्या, आणि ते सोबत्यांकडून घ्या, कारण कोणी काय केलं ते त्यांनाच माहीत असतं. चार जणांच्या गटात प्रत्येकाने बाकी तिघांना गुप्तपणे १ ते ५ गुण द्यायचे, दोन ठरावीक प्रश्नांवर : ठरलेलं काम वेळेवर आणलं का, आणि दुसऱ्याचं काम समजून घेऊन त्यात भर घातली का. विद्यार्थ्याची सरासरी भागिले गटाची सरासरी, हा त्याचा गुणक. गटाच्या कामाला ५ पैकी ४ मिळाले, गटाची सरासरी ४.० आणि एकाची ३.२ असेल, तर गुणक ०.८ आणि त्याचे गुण ३.२. गुणकाला ०.७ ते १.१ अशी मर्यादा घाला आणि कोणाचेही गुण ५ च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर वैर आणि दोस्ती दोन्ही गुणपत्रिकेत उतरतात. सगळ्यांनी सगळ्यांना ५ दिले तर गुणक १ येतो आणि कोणाचं नुकसान होत नाही.

हजेरी या १५ गुणांतून बाहेर काढा. हजेरीचा नियम असेल तर तो परीक्षेला बसू देण्यापुरता असू द्या. वर्गात बोलण्याचे गुणही थांबवा. गप्प बसणारा विद्यार्थी बेफिकीर असतो असं नाही. कोणाला शिकवण्याच्या भाषेत बोलायला जड जातं, कोणाला चारचौघांत. उलट सारखा हात वर करणारा मुलगा रसायनं बेसिनमध्ये ओतत असू शकतो.

वृत्ती मापायला काही जण प्रश्नावली वापरतात : ‘मला प्रयोगशाळेतली सुरक्षितता महत्त्वाची वाटते, सहमत की असहमत?’ संपूर्ण वर्गाचा कल समजून घ्यायला, नाव न लिहिता, ती चालते. तिला गुण जोडले की सगळेच पूर्ण सहमत होतात. चिंतनपर लेखनाचंही तसंच. ते घ्यायचं असेल तर भावनेला गुण नकोत, नेमकेपणाला द्या. ‘या प्रयोगातून खूप काही शिकायला मिळालं’ याला शून्य. ‘तिसरं वाचन ०.४ ने जास्त आलं, कारण रंग दिसल्यावर तोटी बंद करायला उशीर झाला. पुढच्या वेळी शेवटचा १ मिली थेंबाथेंबाने सोडणार’ याला पूर्ण गुण.

या सगळ्याची पत्रकं विद्यार्थ्यांना सत्राच्या पहिल्या दिवशी द्या, कोरी. “मग ते तेवढंच पाठ करून करतील” अशी शंका सहकारी काढतील. बुडबुडा घालवायची सवय सूची पाठ करून लागली तरी ती सवयच आहे, आणि आपल्याला तीच हवी होती. लेखी प्रश्नपत्रिका गुप्त ठेवतो ती नवीन परिस्थितीसाठी. कौशल्याची कसोटी मात्र उघडी असलेलीच बरी.

निकाल लावताना तिन्ही क्षेत्रांचे आकडे शेवटपर्यंत वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि विद्यार्थ्याला तिन्ही दाखवा. ७२ ही बेरीज त्याला काही सांगत नाही. लेखी ४८, प्रात्यक्षिक १३, वृत्ती ११ असं दिसलं की पुढच्या सत्रात कुठे लक्ष द्यायचं ते त्याला कळतं. विषयसमितीत बोलायची संधी मिळाली तर एवढं सुचवा की लेखीतल्या गुणांनी प्रात्यक्षिकातली नापासी भरून निघू नये.

पहिल्या सत्रात हे सगळं एकदम करू गेलात तर चौथ्या आठवड्यात दमून पुन्हा जर्नलकडे वळाल. आधी दोनच सूच्या करा, अनुमापन आणि प्रमाण द्रावण. अज्ञात नमुने आणि वृत्तीचं पत्रक सुरू करा. स्थानकांची परीक्षा आणि प्रश्नांचं विश्लेषण पुढच्या वर्षी. त्या दोन विद्यार्थ्यांना मात्र आत्ताच बोलावून सांगा की वृत्तीचे गुण कशावरून द्यायचे ते लिहून ठरवलेलं नव्हतं, नवीन सत्रापासून ते ठरलेलं असेल, आणि कोरं पत्रक त्यांच्या हातात द्या. जुने ९ बदलायचे की नाहीत ते नियमानुसार विभागप्रमुखांशी बोलून ठरवा, पण हजेरी सोडून दुसरा कुठलाही आधार त्या ९ मागे नसेल तर ते बदलण्यासाठी आग्रह धरा.